दोन दोऱ्या, एकच खटका

दुकानदार: ताई, तो तिसरा खटका तोडू नका. आधीच दोन गेलेत.

मुलगी: मी तोडले नाहीत, ते तुटले. पाकिटावर पंचवीस किलो लिहिलंय. माझ्या काट्यावर सोळालाच तुकडे.

दुकानदार: पाकिटावरचं कोण मनावर घेतं हो? साबणाच्या पाकिटावर गोरं होण्याचं लिहिलेलं असतं. झालंय का कुणी?

बाबा: शेठ, हिच्याशी वाद घालू नका. मी पस्तीस वर्षं घालतोय, एकदाही जिंकलो नाही.

मुलगी: बाबा, तुम्ही बसा बरं खुर्चीत.

बाबा: बसलोच आहे. तासभर बसलोय. पट्ट्याला दोन खटके घ्यायला आलो, हिनं इथं प्रयोगशाळा उघडली. पिशवीतून काटा काय काढते, वही काय काढते!

दुकानदार: काका, वीस वर्षं येताय तुम्ही माझ्याकडे. यायचात, म्हणायचात, शेठ, कॅमेरा गळ्यात राहील असं काहीतरी चांगलं द्या. मी द्यायचो. कधी काटा मध्ये आला आपल्या?

मुलगी: आणि मंगळवारी त्यांचा कॅमेरा चौदा मीटरवरून खाली आला.

दुकानदार: ते वाईटच झालं. पण त्यात माझा काय दोष?

मुलगी: पट्ट्याचा कनेक्टर, तो खटका, तुमच्या दुकानातला होता.

दुकानदार: घ्या! म्हणजे मी आरोपी. अहो, मी क्लिपा विकतो, पूल बांधत नाही.

बाबा: पुलाचं नाव काढू नका.

दुकानदार: आता पुलानं काय केलं?

मुलगी: पुलावरूनच पडला ना कॅमेरा. नव्या पुलाचे फोटो बाबा काढतात. पहिला खड्डा खणला तेव्हापासून, दर महिन्याला, त्याच बारा जागांवरून. उद्या शेवटचा गाळा बसतोय. दोन्ही काठ जोडले जाणार. आणि तिथला सुरक्षा अधिकारी म्हणतो, अकरा वाजता आधी मला पट्टा दाखवा, कनेक्टर दाखवा. मला पटलं तर परांचीवर पाऊल, नाहीतर खालूनच नमस्कार. फोटो काय, ड्रोन उडवून काढून घेऊ.

बाबा: ड्रोन म्हणे. माशी ती. माशीला काय कळतं कुठे थांबायचं आणि कधी थांबायचं. तीन वर्षं मी त्याच बारा जागांवर उभा राहिलोय. जमिनीवर खुणा केल्यात मी रंगानं. एक फोटो चुकला तर उरलेल्या फोटोंना अर्थ नाही. आणि नेमका चुकणार कुठला, तर पूल पूर्ण झाल्याचा!

दुकानदार: अहो मग हे आधी बोलायचं ना! मी तुम्हाला बागेत फिरायला जाणाऱ्यांचा माल दाखवत बसलो. थांबा, वरचा खण उघडतो. हां. ही बघा. ही दोरीची चकती. दोरी कॅमेऱ्याच्या कडीत ओवायची, चकती लोंबती ठेवायची. आणि हे पट्ट्याच्या टोकाला बसतं ते घर. चकती घरात सरकवायची. टक्. बसली. काढायची तर अंगठ्यानं दाबायची, वर ढकलायची. सुटली. एका हाताचं काम.

मुलगी: किती किलो?

दुकानदार: नव्वद.

मुलगी: नव्वदला तुटतो, की नव्वद रोज पेलतो?

दुकानदार: ताई, नव्वद किलोचा कॅमेरा कुणाच्या गळ्यात बघितलाय तुम्ही?

मुलगी: लटकताना अडीच किलोच असतो. हातातून निसटला आणि पट्ट्यानं झटका देऊन धरला, की त्या क्षणी अडीच राहत नाही. आमच्या कारखान्यात लिफ्टचे दोर मी तपासते. तिथे आम्ही बारापट धरतो.

बाबा: लिफ्टमध्ये माणसं बसतात. कॅमेऱ्यात कोण बसतं?

मुलगी: कॅमेऱ्याखाली माणसं असतात.

दुकानदार: बरं, बरं. काटा लावा. हा मी लावून देतो. ओढा.

मुलगी: वीस. तीस. चाळीस... पंचेचाळीस. माझा हात संपला, कनेक्टर नाही संपला. आणि दोरी झिजली तर?

दुकानदार: वरचं काळं आवरण झिजलं की आतून पिवळी दोरी दिसते. पिवळं दिसलं की बदलायची.

मुलगी: हे आवडलं मला.

दुकानदार: आवडलं! ऐकलंत का काका? आवडलं. बांधून देऊ?

बाबा: फार बारीक आहे.

दुकानदार: नव्वद किलोची आहे हो.

बाबा: ताकदीनं नसेल, आकारानं बारीक आहे. बटणाएवढी चकती. आणि काळी. अंधारात दिसायची नाही.

मुलगी: तुम्ही अकरा वाजता चढताय बाबा, उन्हात.

बाबा: दुसरं दाखवा.

दुकानदार: हा पोलादी हुक. ह्याला तर बैल बांधा.

बाबा: कॅमेऱ्याला ओरखडे पडतील.

मुलगी: चौदा मीटरवरून पडल्यावर ओरखड्यांचं काय घेऊन बसलात?

बाबा: दुसरं.

दुकानदार: ही दोन्ही बाजूंनी चिमटीत दाबायची क्लिप.

बाबा: ही शाळेच्या दप्तराला असते.

दुकानदार: मग हा खालून स्क्रूनं बसणारा. तिपाईचं भोक असतं ना, त्यातच.

बाबा: मग तिपाई कुठे लावू? डोक्यावर?

दुकानदार: काका, एवढी स्थळं मी माझ्या पोरीला दाखवली नाहीत. तिनंसुद्धा तिसऱ्याला हो म्हटलं.

मुलगी: बाबा, एकाला तरी हात लावून बघा. मघापासून नुसते लांबून नाकं मुरडताय. घ्या हा. लावून बघा.

बाबा: शेठ लावून दाखवतायत ना. माझ्या हाताला काय वेगळं दिसणार आहे? मूळ मुद्दा वेगळाच आहे. आजकाल माल चांगला येत नाही. जुनी क्लिप बघा, दोन वर्षांत तुटली.

दुकानदार: हे मात्र मी ऐकून घेणार नाही. आणलीय का ती तुटकी? दाखवा.

मुलगी: आहे माझ्याकडे. ही घ्या. मी मुद्दाम पुडीत ठेवलीय, कुणी हात लावू नये म्हणून.

बाबा: ती कशाला आणलीस?

मुलगी: तुटलेली वस्तू बघितल्याशिवाय नवी घेत नाही मी.

दुकानदार: भिंग कुठे गेलं माझं... हां. बघू. जीभ शाबूत. दात शाबूत. स्प्रिंग... ऐका, कशी बोलतेय. ताई, ह्या क्लिपेला काहीही झालेलं नाही.

मुलगी: असं कसं?

दुकानदार: तुमचा काटा लावा ना. मी बंद करतो. टक्. ओढा.

मुलगी: तीस. चाळीस. पंचेचाळीस.

दुकानदार: बघितलंत? दोन वर्षं वापरलेली, चौदा मीटर पडलेली, आणि पंचेचाळीस. वीस वर्षांचा संबंध आणि काका, तुम्ही मला चारचौघांत खोटं पाडलंत!

बाबा: चारचौघं कुठे आहेत? तिघं आहोत.

दुकानदार: ही तुटली नव्हती. ही उघडी होती.

बाबा: मी लावली होती. टक् वाजलं होतं.

मुलगी: शेठ, थांबा. क्लिपेच्या ह्या बाजूला दोन दोऱ्या का आहेत?

दुकानदार: एक पट्ट्याची. दुसरी... ही लाल कशाची?

मुलगी: ती सुरक्षेची दोरी. कमरेला बांधायची. पट्टा सुटला तर कॅमेरा हिच्यावर लटकावा म्हणून मीच बाबांना दिली होती गेल्या वर्षी. वेगळ्या कनेक्टरसकट दिली होती. बाबा?

बाबा: काय?

मुलगी: दोन्ही दोऱ्या एकाच कनेक्टरमध्ये घातल्यात तुम्ही.

बाबा: मजबूत आहे तो. आत्ताच पंचेचाळीस पेलले ना?

मुलगी: मजबूत असेल हो! पण तो उघडला की दोन्ही सुटणार! मग दुसरी दोरी कशाला? शोभेला? आमच्याकडे कुणी दोन दोर एका खुंटीला बांधले ना, तर त्याला त्या दिवशी घरी पाठवतात. दुसऱ्या दिवशी नाही, त्याच दिवशी!

बाबा: ओरडू नकोस. दुकान आहे.

दुकानदार: ओरडू द्या काका, गिऱ्हाईक नाहीये.

मुलगी: पहिलीतल्या पोराला कळतं हे. आणि तुम्ही! तुम्ही लेन्सचं झाकण कुठल्या खिशात ठेवायचं ते ठरवून ठेवणारे. तिपाईचे तीन पाय क्रमानं उघडणारे. आम्ही लहान असताना घड्याळ दोन मिनिटं मागे पडलं तर जेवण थांबवणारे. तुम्ही असं का केलंत?

बाबा: दोन खटके लावायला वेळ जातो.

मुलगी: किती वेळ?

बाबा: जातो.

मुलगी: शेठनी आत्ता दोन सेकंदांत लावला. तुम्हाला किती लागतो?

बाबा: वर वारा असतो. खाली यंत्रं धडधडत असतात. तुला घरात बसून...

मुलगी: बाबा, किती?

बाबा: कधी पाच मिनिटं. कधी दहा.

दुकानदार: दहा मिनिटं! काका, एका क्लिपेला?

बाबा: शेठ, तुम्ही तुमचे खण आवरा.

मुलगी: हा घ्या. तो नव्वदवाला. इथं, काउंटरवर. वारा नाही, यंत्र नाही. लावा.

बाबा: माझी परीक्षा घेणार तू?

मुलगी: हो.

(बाबा चष्मा कपाळावर सरकवतात, उजव्या हातानं चकती उचलतात. ती दोनदा काचेवर पडते.)

बाबा: हं. लागला.

मुलगी: लागला?

बाबा: लागला म्हणतोय ना.

मुलगी: ओढते. हे बघा. आला हातात.

बाबा: तू वाकडा ओढलास.

मुलगी: परत लावा.

बाबा: ... लागला.

मुलगी: नाही लागला.

बाबा: काचेवर हात घसरतो. शेठ, इथं काय तेल सांडलंय का?

दुकानदार: सकाळीच पुसलंय काका.

मुलगी: परत.

बाबा: पुरे आता. काय पोरखेळ लावलाय!

मुलगी: परत लावा, बाबा.

बाबा: ... हा. हा लागला. आत्ता टक् वाजलं, मी ऐकलं.

दुकानदार: ते... काका, माझं पेन वाजलं. सवय आहे मला. सॉरी.

मुलगी: उजवा हात पुढे करा.

बाबा: कशाला?

मुलगी: करा म्हणते ना.

दुकानदार: ताई, चहा सांगू का? जरा दमानं घेऊ या सगळे.

मुलगी: चहा नको. दार तेवढं लोटून घ्या. बाबा, डोळे मिटा. मी पेनाचं टोपण लावते. कुठलं बोट ते सांगा.

बाबा: करंगळी.

मुलगी: आता?

बाबा: तिच्या शेजारचं.

मुलगी: आता?

बाबा: ...

मुलगी: बाबा, आता?

बाबा: लाव की.

मुलगी: लावलंय. अंगठ्यावर दाबून धरलंय.

दुकानदार: अरे देवा.

बाबा: अरे देवा काय त्यात? अंगठा आहे, पडला थोडाच गळून! जरा जड आहे. मुंग्या येतात. वय झालं की येतात.

मुलगी: कधीपासून?

बाबा: थंडीत सुरू झालं. म्हटलं थंडीमुळे असेल.

मुलगी: आता उन्हाळा आहे.

बाबा: उन्हाळा आहे ते मलाही दिसतंय.

मुलगी: शर्टाची बटणं कोण लावतं तुमच्या?

बाबा: हा काय प्रश्न आहे?

मुलगी: कोण लावतं?

बाबा: तुझी आई.

मुलगी: म्हणजे आईला माहीत आहे!

बाबा: बटणं लावणाऱ्याला माहीत असणारच ना. आंधळी आहे का ती?

मुलगी: पाच महिने! पाच महिने ती फोनवर मला सांगतेय, सगळं ठीक आहे, बाबा ठणठणीत आहेत, तू तुझं बघ. मला सांगावंसं एकालाही वाटलं नाही?

बाबा: तुला सांगितलं असतं तर तू काटा घेऊन आली असतीस.

मुलगी: आलेच असते! आणि कॅमेरा पडला नसता!

दुकानदार: ताई, जरा हळू. मी... मी आत जाऊन बसतो पाच मिनिटं.

बाबा: बसा इथंच. तुम्हीच ती क्लिप चांगली असल्याचं सिद्ध केलंत ना? मग आता पूर्ण बघा.

मुलगी: बूट काढा.

बाबा: काय?

मुलगी: बूट, मोजे. पाय बघायचेत. पायही असेच असतील तर उद्या परांची नाही, परवा नाही, कधीच नाही. अधिकारी हो म्हणाला तरी नाही.

दुकानदार: ताई, माझं दुकान आहे हो हे, दवाखाना नाही.

मुलगी: दोन मिनिटं.

बाबा: काढतो. काढतो बाई. मोजा भोकाचा आहे, आईला सांगू नकोस.

मुलगी: डोळे मिटा.

बाबा: मधलं बोट.

मुलगी: आता?

बाबा: टाच.

मुलगी: आता?

बाबा: अंगठा. आणि गुदगुल्या होतायत.

मुलगी: आता?

बाबा: आता काहीच नाही.

मुलगी: बरोबर. लावलंच नव्हतं. दुसरा पाय.

बाबा: करंगळी. तळवा. परत करंगळी. झालं का समाधान? पाय माझे आहेत अजून. शिडीचा दांडा पायाखाली आला की झोपेतही कळेल मला. हाताचंही तसंच होतं. पस्तीस वर्षं उजव्या हातात कॅमेरा धरलाय, तीच तीन बोटं, त्याच जागी. मी खटका कधी बघून लावला नाही. डोळा आधीच कॅमेऱ्यात असायचा, अंगठा आपलं काम करायचा. बसला की अंगठ्याला कळायचं. आता कळत नाही. म्हणून मग कानानं लावायला लागलो. टक् ऐकू आलं की झालं. आणि मंगळवारी टक् ऐकू आलं होतं.

मुलगी: पुलावर, यंत्रांच्या आवाजात?

बाबा: काहीतरी वाजलं होतं.

मुलगी: खाली कोण होतं?

बाबा: कोणी नाही. वाळूचा ढीग होता. म्हणून तर कॅमेऱ्याची बॉडी वाचली, नुसती लेन्स गेली.

मुलगी: बाबा.

बाबा: वेल्डर होता एक.

मुलगी: किती लांब?

बाबा: हातभर.

दुकानदार: हातभर!

बाबा: वेल्डिंगची कांडी बदलायला तो बाजूला वाकला. तेवढ्यात कॅमेरा पडला. तो तसाच वाकलेला राहिला असता तर... नाही, उलट. तो वाकला नसता तर. मला आता तेही नीट आठवत नाही, रोज वेगळं दिसतं. मी वर उभा, गळ्यात रिकामा पट्टा. त्यानं काय केलं माहितीये? कॅमेरा उचलला. वाळू झटकली. चौदा मीटर चढून वर आला आणि माझ्या हातात दिला. म्हणाला, काका, तुमचं काहीतरी पडलं. शिवी दिली असती तरी बरं झालं असतं.

मुलगी: आणि तुम्ही काय सांगितलंत सगळ्यांना?

बाबा: खटका तुटला.

दुकानदार: माझा खटका.

बाबा: तुमचा. चुकलं माझं, शेठ.

दुकानदार: जाऊ द्या हो काका. मी एवढ्या लोकांना सांगतो, लेन्स तुमच्या हातून पडली म्हणून बिघडली. एखाद्या वेळी माझ्यावर आलं, काय मोठं.

मुलगी: मोठं आहे. उद्या तो अधिकारी कनेक्टर बघेल, ओढेल, नव्वद किलो बघून खूश होईल, सही करेल. आणि बाबा तो उघडाच लावून वर जातील. जगातला सगळ्यात मजबूत कनेक्टर घेतला तरी तेच.

बाबा: म्हणजे नको जाऊ असं म्हणायचंय तुला. सरळ म्हण. उद्याचा फोटो माशी काढेल. तीन वर्षं बारा खुणांवर उभा राहिलेला माणूस खाली फाटकाशी उभा राहून बघेल.

मुलगी: मी असं म्हटलं का?

बाबा: तोंड तसं केलंस.

मुलगी: माझं तोंड तुमच्यावर गेलंय, ते तसंच असतं. शेठ, बंद झाला की नाही ते डोळ्यांना दिसेल असं काही आहे? बोटाला नाही, कानाला नाही. डोळ्यांना.

दुकानदार: आहे ना! हा. ह्याच नव्वदवाल्याचा मोठा भाऊ. अंगठ्याएवढी चकती. आणि घराच्या तोंडाशी ही लाल पट्टी बघा. चकती पूर्ण बसली नाही तर लाल दिसतं. बसली की लाल झाकलं जातं. कोणी घेत नाही, बोजड आहे म्हणतात. दोन वर्षं खणात पडलाय.

मुलगी: मघाशी का नाही दाखवलात?

दुकानदार: मघाशी तुम्ही किलो विचारत होतात. डोळ्यांचं कोणी विचारलं?

मुलगी: दोन द्या. एक पट्ट्याला, एक सुरक्षेच्या दोरीला. दोन वेगळ्या कड्या, दोन वेगळे कनेक्टर.

बाबा: बघून लावायचं म्हणजे कॅमेऱ्यातून डोळा काढावा लागणार.

मुलगी: लागणार.

बाबा: पस्तीस वर्षांत काढला नाही.

मुलगी: आता काढा. आणि एवढ्यानं भागत नाही. आमच्याकडे नियम आहे. जो बांधतो तो तपासत नाही. कितीही जुना कारागीर असो. त्यानं बांधायचं, हात बाजूला घ्यायचे, दुसऱ्यानं येऊन ओढून बघायचं. मग दोर वापरायचा.

बाबा: माझ्या कॅमेऱ्याला कोणी हात लावत नाही.

दुकानदार: ते खरंय ताई. मीसुद्धा विचारून लावतो. एकदा न विचारता उचलला होता, महिनाभर आले नाहीत.

मुलगी: ठीक आहे. मग उद्या ड्रोन.

बाबा: हे बघ, धमकी देऊ नकोस.

मुलगी: धमकी नाही. मी आत्ता अधिकाऱ्याला फोन लावते. सांगते की क्लिप तुटली नव्हती. काय झालं होतं ते सांगते. तुमचा आणि त्याचा काय व्हायचा तो निर्णय होईल. बोला. लावू?

बाबा: तू लावशील.

मुलगी: मी लावीन.

दुकानदार: काका, ती लावेल. काटा घेऊन दुकानात येणारी बाई आहे ती.

बाबा: अधिकाऱ्याला मी सांगेन. उद्या, अकरा वाजता. फोनवर नाही, समोर उभं राहून. क्लिप चांगली होती, मी नीट लावली नव्हती. ऐकून तो नाही म्हणाला तर खाली राहीन.

मुलगी: आणि हाताचं? तेही सांगायचं.

बाबा: हाताचंही सांगेन. आणि त्या वेल्डरलाही. त्याला तर आधी.

मुलगी: आणि डॉक्टर.

बाबा: पूल झाल्यावर.

मुलगी: पूल उद्या होतोय. परवा.

बाबा: परवा शनिवार.

मुलगी: शनिवारी डॉक्टर असतात.

बाबा: शेठ, बघताय ना? एकदाही जिंकलो नाही.

दुकानदार: तुम्ही जिंकायचा प्रयत्न तरी का करता? मी घरी कधीच सोडून दिलाय.

मुलगी: शेठ, दोऱ्या ओवून द्या कड्यांत. गाठ दुहेरी घ्या. आतून घ्या, बाहेरून नको.

दुकानदार: ताई, वीस वर्षं गाठी मारतोय.

मुलगी: म्हणूनच सांगतेय.

दुकानदार: हे घ्या. आणि तोडलेल्या दोन खटक्यांचं जाऊ द्या. त्या पाकिटांचा मालच मी परत पाठवतो. पंचवीस लिहितात लेकाचे.

मुलगी: बाबा, आता लावा. चष्मा डोळ्यांवर. घाई नको.

बाबा: लाल दिसतंय अजून.

मुलगी: दिसू द्या. तुम्ही ढकला. डाव्या हाताचा अंगठा वापरा ना.

बाबा: डाव्या हाताला ह्यातलं काही माहीत नाही.

मुलगी: शिकेल. आज रात्रभर आहे त्याच्याकडे.

बाबा: हं. लाल गेलं. पट्ट्याचा झाला. आता दोरीचा... थांब. थांब जरा. गेलं लाल.

मुलगी: हात बाजूला घ्या.

बाबा: घेतले.

मुलगी: ओढू?

बाबा: विचारतेस कसली? ओढ. जोरात ओढ, तिथे वर वारा काही विचारून ओढत नाही.

मुलगी: पट्टा बसलाय. दोरी... बसलीय.

बाबा: उद्या वर कोण ओढणार? तिथे मी एकटाच असतो.

मुलगी: मी अर्धा दिवस रजा टाकते. हेल्मेट आहे माझं, उंचीवर काम करायचं कार्डही आहे. तुमच्या त्या अधिकाऱ्याला ते चालायला हवं.

बाबा: तुला कशाला त्रास. बारा जागा आहेत. दर वेळी कॅमेरा तिपाईवर चढवायचा, उतरवायचा, परत गळ्यात. बारा वेळा ओढावं लागेल.

मुलगी: दोन कनेक्टर आहेत. चोवीस वेळा.

बाबा: कंटाळशील.

मुलगी: साडेदहाला फाटकाशी येते. माझ्याआधी वर चढू नका.